किल्ल्यावरचा सिंजारा

१

गणगौर जवळ आली की सिरेकंवरच्या माहेरी सिंजाऱ्याची पेटी निघायची. धाकटी बहीण धापू केलणगढच्या किल्ल्यात दिलेली. तिला दर चैत्रात माहेरचा सिंजारा पोचवायचा, हे काम वर्षानुवर्षं सिरेकडेच होतं. पोशाख, मेंदी, चुडा, घेवर. वडील अंथरुणाला खिळलेले, म्हणून पेटी आई भरायची, गाडी भाऊ चालवायचा आणि किल्ल्याचा चढ चढून जनानखान्यात जायची ती सिरे.

भाऊ गेमरसिंह आत कधी पाऊल टाकायचा नाही. बहिणीच्या घरचं पाणीही चालत नाही असं सांगून तो देवडीबाहेरच्या दगडावर बसून राहायचा. दुपारी किल्ल्याची गवर मिरवत खाली यायची. माणसाएवढी लाकडी मूर्ती, नखशिखांत चुंदडीत झाकलेली, पालखीत बसवलेली. तिला हात जोडल्याशिवाय तो गाडीची किल्ली फिरवायचा नाही. तसा गेमर देवाधर्माचा माणूस नव्हता. घरच्या देव्हाऱ्यात दिवा लागलाय की नाही हेही त्याला ठाऊक नसायचं. पण ही गवर त्याने एकाही वर्षी चुकवली नाही, आणि सिरेला त्याचं कौतुकच वाटायचं.

या वर्षी दोन गोष्टी वेगळ्या होत्या. आई माघात गेली होती, त्यामुळे पेटी सिरेने भरली. आणि गाडीत मागच्या सीटवर सिरेची लेक लाछू होती.

लाछू कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. किल्ल्यातल्या धाकट्या कुंवरांसाठी तिला विचारणा झाली होती आणि ती गेमरने आणली होती. लाछूचे वडील सूरतच्या कापडबाजारात, वर्षातून दोनदा घरी येणारे. लेकीच्या बाबतीत मेहुणा म्हणेल ती पूर्व दिशा. सिरेने मात्र अट घातली होती. पोरीला आधी घर दाखवायचं, धापूला आपण स्वतः विचारायचं, आणि धापू हो म्हणाली तरच पुढचं बोलायचं. गेमरने लगेच मान डोलावली होती.

"मां, मासी दिसते कशी?" लाछूने विचारलं.

"माझ्यासारखीच. माझ्याहून उजळ."

"लग्नाच्या वेळची नको सांगू. आता कशी दिसते?"

"आता कशी दिसते ते तिच्या घुंगटाला ठाऊक," सिरे हसून म्हणाली. "माजीसा समोर असतात ना. सासूपुढे सून तोंड उघडं टाकत नाही आणि बोलतही नाही. हस्तू नायण तिच्या तोंडाशी कान नेते आणि ती काय म्हणाली ते आम्हाला सांगते."

"म्हणजे इतकी वर्षं तू हस्तूलाच भेटून येतेस की!"

"लाछू!"

"मी नाही हं गप्प बसणार. मला कुणी घुंगट घातलाच तर आतून ओरडून बोलेन. मामोसा, ऐकलंत ना? आधीच सांगून ठेवा त्यांना, पोरगी तोंडाळ आहे म्हणून."

भाचीच्या अशा बोलण्यावर गेमरसिंह एरवी मांडीवर थाप मारून हसायचा. आज त्याने नुसता आरसा वळवला. आरशात लाछू दिसत होती ती दिसेनाशी झाली. उन्हाने डोळे दिपत असतील, असं सिरेला वाटलं. समोर वाळूच्या पलीकडे किल्ला दिसायला लागला होता.

२

चढावरच्या पहिल्या दरवाजापाशी कठपुतळ्या आणि उंटाच्या कातड्याच्या मोजड्या विकणारे नेहमीसारखे ओरडत होते. एका परदेशी बाईने लाछूचा फोटो काढला, तर लाछूने तिचा काढला. दुसऱ्या दरवाजापासून गर्दी कमी झाली आणि जनानी देवडीपाशी तर चिटपाखरू नव्हतं. गेमर आपल्या दगडावर बसला.

"भाईसा, आज तरी चला आत. भाचीचं घर बघायचंय."

"तू बघ. तू बघितलंस म्हणजे मी बघितलं," तो म्हणाला आणि मोजडीतली वाळू झटकायला लागला.

माजीसांचा महाल वरच्या मजल्यावर होता. भिंतीत बसवलेले आरशाचे तुकडे, खाली गालिचा, जाळीतून येणारा वारा. बाहेर तापलेलं असलं तरी इथे पायांना फरशी गार लागायची. माजीसा लोडाला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या डाव्या अंगाला, भिंतीशी पाठ लावून, धापू बसली होती. दर वर्षी तिथेच बसायची. लाल चुंदडी पार मांडीपर्यंत ओढलेली, हात चुंदडीच्या आत. शेजारी हस्तू नायण, घराण्याची न्हावीण, वेळूसारखी उंच आणि सडपातळ बाई.

"खम्मा घणी, माजीसा," सिरेने पाय धरले.

"या बाईसा. आणि ही आमची लाछू का? उंची छान आहे हो," माजीसा म्हणाल्या. "पोरी, हात बघू."

लाछूने हात पुढे केले. माजीसांनी ते उलटसुलट करून बघितले, मनगट दोन बोटांत धरून मापलं आणि हस्तूकडे नजर टाकली. हस्तूने मान हलवली.

लाछू तशीच पुढे सरकून धापूच्या समोर बसली. "मासी, मी लाछू. तू गेलीस तेव्हा मी तुझ्या पदराला धरून रडले होते, मां सांगते. आता तू काहीतरी बोल, नाहीतर मी परत रडेन."

महालात हसू पसरलं, आणि सिरेला बरं वाटलं. हस्तूने सुनेच्या चुंदडीशी कान नेला. "बींदणी म्हणतात, मोठी झालीस. खाली जा, मेंदी काढून घे, बाकीच्या पोरी बसल्यात."

"बघ मां, पहिल्याच भेटीत हाकललं मला!" लाछू उठली. दारात वळून तिने सिरेला डोळा मारला आणि दोन बायकांबरोबर जिना उतरून गेली. तिच्या पैंजणांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

सिरेला धापूचं लग्न आठवलं. नवरदेव कुंवरसा परदेशात होते, मुहूर्त टळत होता, म्हणून सासरहून त्यांची तलवार आली. धापूने तलवारीबरोबर फेरे घेतले आणि डोलीत बसून इकडे आली. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. असल्या घराण्यांत असं होतं. कुंवरसा पुढे आले असणारच. सिरेने त्यांना कधी बघितलं नव्हतं इतकंच. दर वर्षी ते जयपूरला तरी असायचे, नाहीतर लंडनला.

३

पेटी उघडून एकेक वस्तू थाळीत ठेवताना सिरेने शेवटी एक मळकट रुमाल सोडला. आत आईचा लग्नातला हस्तिदंती चुडा होता. एका बांगडीला तडा गेलेला, त्यावर पितळेची तार गुंडाळलेली.

"आई सवाष्ण गेली," ती म्हणाली. "तिचा चुडा मोठ्या लेकीने धाकटीच्या हातात भरायचा, अशी आमच्याकडे रीत आहे."

दर वर्षी चुडा हस्तू भरायची. सिरेकडे पाठ करून, धापूच्या पुढ्यात बसून. सिरेला मिळायचं ते चुंदडीवरून डोक्यावर हात ठेवणं. आज हस्तूने माजीसांकडे बघितलं. माजीसांनी रुमालातला चुडा एकदा निरखला.

"रीत आहे तर भरा," त्या म्हणाल्या. "मेलेल्या बाईच्या शब्दाला नाही कोण म्हणणार?"

हस्तूने चुंदडीच्या आतून धापूचा हात बाहेर काढून सिरेच्या मांडीवर ठेवला.

सिरेने सगळ्यात आधी अंगठा बघितला. लहानपणी विहिरीच्या रहाटात सापडून धापूचं नख फुटलं होतं, ते पुढे वाकडंच उगवलं. नख तसंच होतं, वाकडं. सिरेला भरून आलं. इतक्या वर्षांनी बहिणीचा हात हातात आला होता. तळव्यावर मेंदी इतकी काळी चढलेली की रेषासुद्धा दिसत नव्हत्या.

मग तिने चुडा भरायला घेतला. अरुंद चुडा भरताना हात दाबावा लागतो. अंगठा तळव्यात दुमडायचा, पंजा आवळायचा, हाडं एकमेकांवर सरकतात आणि बाई हाय करते. धापू तर लहानपणी अख्खी गल्ली डोक्यावर घ्यायची. सिरेने तेल लावलं, अंगठा दुमडला.

अंगठा दुमडला गेला नाही.

तिने पुन्हा दाबलं. पंजा आवळून बघितला. हात गार होता, आणि जिथे दाबू तिथे तसाच राहत होता. उपासाने हाडं राहिलीत फक्त, सिरेने मनाला सांगितलं. गार फरशीवर तासन्तास बसलेली बाई, तिचा हात गार नाही तर काय असणार? सांधेदुखीने आमच्या मावशीची बोटंही अशीच धरली होती. मनाला सांगायला तिच्याकडे बरंच होतं. तरी तिसऱ्यांदा दाबायला तिचा हात पुढे झाला नाही.

"नाही जमायचं तुम्हाला," हस्तू म्हणाली. तिने चुडा आणि हात दोन्ही काढून घेतले आणि पाठ वळवली. तिचे खांदे एकदा हलले. गच्च बसलेली खुंटी उपसावी आणि परत ठोकावी असा लहानसा आवाज झाला. हस्तू बाजूला सरकली तेव्हा चुडा धापूच्या मनगटात होता.

धापूने हाय केलं नाही. तिच्या घागऱ्यावर पिवळसर, बारीक भुसा पडला होता. सुतार काम करून गेल्यावर राहतो तसा. हस्तूने तो पदराने पुसून टाकला.

४

"धापू," सिरे म्हणाली. तिचा आवाज चढला होता ते तिलाच जाणवलं. "मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. लाछूला या घरात देऊ का? तू सुखी आहेस का इथे? एवढं सांग. तुझ्या पोटची असती तर दिली असतीस?"

सिरे चुंदडीकडे बघत होती. पातळ कापड होतं. उन्हाळ्यात घुंगट घेऊन बसलेल्या बाईचं कापड श्वासाबरोबर नाकाला चिकटतं आणि सुटतं. सिरेने स्वतः ते आयुष्यभर सोसलं होतं. हे कापड सरळ लोंबत होतं. जाळीतून वारा आला की पूर्ण हलायचं, आणि वारा पडला की पूर्ण थांबायचं.

हस्तू वाकायला लागली. तिचा कान घुंगटाशी पोचायच्या आतच तिने सांगितलं, "बींदणी म्हणतात, द्या. मला सोबत होईल."

"तिने काही म्हटलंच नाही!"

"हळू म्हणतात त्या. ऐकायची सवय लागते," हस्तू म्हणाली.

"झालं तर मग," माजीसा लोडावरून सरळ झाल्या. "बहिणीनेच हो म्हटलं. सोयरिकीचा नारळ तर आम्ही होळीलाच घेतला होता. खाली ओटी भरून झाली असेल एव्हाना. घेवर घ्या बाईसा, तोंड गोड करा."

"नारळ कुणी दिला?"

"कोण देणार? तुमच्या भावाने. धापूच्या वेळचा नारळही त्यांनीच आणला होता. शब्दाचा पक्का माणूस आहे हो."

होळी होऊन गेली होती. होळीला गेमर सिरेच्या घरी आला होता, आईचं दुःख असूनही शकुनाचं म्हणून लाछूच्या गालाला रंगाचं बोट लावून गेला होता. त्याच हाताने त्याने इथे नारळ दिला होता आणि नंतर सिरेची अट ऐकून शहाण्यासारखी मान डोलावली होती. सिरेला इतका राग आला की तिला समोरचं दिसेना. पाठच्या भावाने केलं असतं तर पोर म्हणून सोडलं असतं. हा वडील भाऊ, याच्या पायाशी बसून ती वाढली होती.

"मी लाछूला घेऊन जाते," ती उठत म्हणाली.

"बसा ना. गवर निघायची वेळ झालीय, गर्दी असेल," माजीसा म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या. त्यांनी तिला अडवलंही नाही. त्याचंच सिरेला जास्त भय वाटलं.

५

जिना अरुंद होता आणि दर वळणावर अंधारा. सिरे निम्म्यात आली असेल तेव्हा वरून जड काहीतरी उतरवल्याचा आवाज यायला लागला. दगडी पायरीवर धप्, मग थांबणं, मग पुन्हा धप्. बायकांचं कुजबुजणं ऐकू येत होतं.

"हळू गं, पाय आपटतोय."

"मनगट सांभाळ. आत्ताच बसवलंय."

कपाट असेल, नाहीतर पेटारा. सणासुदीला सामान हलवतातच, सिरेने स्वतःशी म्हटलं. पण ती थांबून बघायला गेली नाही. ती पायऱ्या चुकवत खाली पळाली.

खालच्या चौकात मेंदीला बसलेल्या पोरी भिंतीशी ओळीने बसल्या होत्या. सगळ्यांच्या अंगावर सारख्याच लाल चुंदड्या, सगळ्यांचे घुंगट गुडघ्यापर्यंत आणि मेंदी लावलेले हात वाळायला पुढे धरलेले. ढोल वाजवणाऱ्या ढोलणी गाणं म्हणत होत्या.

"लाछू!"

गाणं थांबलं. ओळीतून कुणी ओ दिली नाही.

"लाछू, ऊठ. घरी चल."

"आता कशी बोलेल हो ती?" ढोलणींपैकी एक हसत म्हणाली. "ओटी भरली, बींदणी झाली. सासरच्या बायका बसल्यात की इथे."

सिरे ओळीच्या एका टोकापासून हात बघत निघाली. एक हात, दुसरा हात. काही हात इतके स्तब्ध होते की तिने त्यांच्याकडे नीट बघायचं टाळलं. मग तिला निळं नखपॉलिश दिसलं, टवके उडालेलं, आणि मनगटाला रामदेवजींचा काळा दोरा. तो दोरा तिने स्वतः बांधला होता. तिने तो हात धरला. मेंदी ओली होती, हात गरम होता, आणि त्या बोटांनी तिची बोटं घट्ट आवळली. सिरेला रडू फुटलं.

"बोलू नकोस," ती कुजबुजली. "नुसती माझ्याबरोबर चल."

लाछू उठली. पैंजण वाजले. कुणी अडवलं नाही. दोघी चौक ओलांडून देवडीकडे निघाल्या. आता मागून बायकांचा लोंढा यायला लागला. ढोल वाजत होता, गवर निघाली होती. देवडीच्या बोळात उजेड नव्हता आणि बायका खांद्याला खांदा लावून रेटत होत्या. लाल ओढण्या तोंडावर येत होत्या. कुणाचा तरी धक्का बसला आणि लाछूचा हात सुटला. सिरेने किंचाळून अंधारात हात मारला. लगेच तिच्या बोटांना मनगट लागलं. मनगटावर काळा दोरा होता. तिने ते असं पकडलं की दोरा रुतला असेल, आणि ओढत ती उन्हात बाहेर आली.

६

बाहेर सगळं गाव लोटलं होतं. पागोटी, उंटावरचे नगारे, गच्च्यांवर चढलेले परदेशी. सिरेला वाट मिळेना, तिने लेकीला भिंतीशी उभं केलं आणि स्वतः तिच्यापुढे उभी राहिली. पालखी देवडीतून निघाली. लोक एका आवाजात ओरडले. बायकांनी पदर पसरले.

पालखी अगदी जवळून, हात लागेल इतक्या जवळून गेली. वाऱ्याने चुंदडीचं टोक उडालं आणि गवरीचा एक हात उघडा पडला. मनगटात हस्तिदंती चुडा होता. एका बांगडीवर पितळेची तार गुंडाळलेली होती. अंगठ्याचं नख वाकडं होतं. मनगटापासून कोपराकडे एक बारीक चीर गेली होती, आणि कुणीतरी ती मेण भरून बुजवली होती.

चुंदडी परत पडली. पालखी पुढे गेली.

आपल्या दगडापाशी गेमरसिंह उभा होता. पागोटं काढून काखेत धरलेलं. तो हात जोडून रडत होता, आणि पालखी समोरून जाताना तो म्हणाला, "खम्मा, बाईसा." देवीला कुणी बाईसा म्हणत नाही. बहिणीला म्हणतात.

गर्दी पालखीमागे उताराला लागली. सिरे त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. लेकीचं मनगट तिच्या मुठीत होतं.

"तो आईचा चुडा आहे," ती म्हणाली.

"हो. ओळखला मी."

"म्हणून इथे बसायचास? दर वर्षी?"

"वर्षातून एकदा बाहेर येते ती," गेमर डोळे पुसत म्हणाला. "आपलं माणूस कुणी समोर नको का?"

"आणि मी? मी कुणासाठी पोशाख आणत होते? कुणाला विचारत होते, बरी आहेस का म्हणून?"

"तू घरी येऊन सांगायचीस ना, धापू छान आहे, धापूने असं म्हटलं, तसं म्हटलं. त्यावर घर चाललं बाईसा. आई पहिल्या वर्षी आत जाऊन आली होती. त्यानंतर ती आली नाही. पेटी भरायची तेवढी."

सिरेला आई आठवली. दर वर्षी ती किल्ल्यावरून परतली की आई तिला पाणी द्यायची, घेवर आवडला का विचारायची, रस्ता कसा होता विचारायची. लेक कशी दिसते, वाळली का, रडली का, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. जगातली कुठली आई हे विचारत नाही? आणि सिरेला वाटायचं, आई मनाची खंबीर आहे. आईने आणि भावाने मिळून तिला पुढे केलं होतं. दर वर्षी नवी पेटी देऊन आत पाठवलं होतं, आणि ती चार खोट्या गोष्टी घेऊन परत आली की दोघं गप्प बसून ऐकत होती.

"लाछूचा नारळ का दिलास?" तिने विचारलं. "तुला डोळ्यांनी दिसत होतं सगळं. तरी का दिलास?"

"धापूला चीर गेलीय. बघितलीस ना तू? पुढच्या वर्षी निभायची नाही." त्याने पागोटं हातात फिरवलं. "त्यांनी आपल्याच घरातली मागितली. माझ्या दोघी अजून लहान आहेत, बाईसा. पण लाछू दिली नसती तर ते चार वर्षं थांबले असते, आणि तेव्हा त्या लहान राहिल्या नसत्या."

सिरेने त्याच्या तोंडात मारली. गेमर हलला नाही. मार खाण्याची त्याने बहुधा होळीपासूनच तयारी ठेवली होती.

"माझी लेक माझ्या हातात आहे," ती म्हणाली. "मी हिला घेऊन चालले. पायी जाईन, उंटाच्या गाडीवर बसून जाईन. तुझ्या गाडीत बसणार नाही आणि आजपासून मला भाऊ नाही."

गेमरने तिच्या मुठीतल्या मनगटाकडे बघितलं. मग वर, चुंदडीकडे. आणि त्याने मान खाली घातली.

७

"चल लाछू," सिरे म्हणाली. "इथे कुणी सासरचं नाही आता. घुंगट काढ. बोल काहीतरी. शिव्या दे मला, का आणलंस म्हणून."

लाछू काही बोलली नाही. चुंदडी सरळ लोंबत होती. वारा पडला होता.

"तोंडाळ ना तू? आतून ओरडणार होतीस ना?"

पाठीमागे पावलं वाजली. देवडीतून हस्तू आली होती. सावकाश, नेहमीचं काम असल्यासारखी. ती लाछूच्या शेजारी उभी राहिली आणि तिने चुंदडीकडे कान झुकवला.

"दूर हो!" सिरे ओरडली. "तिला जीभ आहे! ती स्वतः बोलेल!"

हस्तू तशीच वाकून उभी राहिली, मग सरळ झाली.

"बींदणी म्हणतात, मां, ऊन फार आहे. तू आता नीघ. पुढच्या गणगौरीला सिंजारा घेऊन ये."

गेमर दगडावर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेत होता. खाली गावात ढोल वाजत होता. सिरेने मेंदीकडे बघितलं. चौकात ओली होती ती आता पार वाळली होती आणि काळी दिसत होती. नखांवरचं निळं पॉलिश तसंच होतं, दोराही तसाच होता.

तिने मनगट सोडलं आणि पंजा हातात घेतला. अंगठा तळव्याकडे वळवून, चुडा भरताना दाबतात तसा तिने तो दाबला. मग पुन्हा दाबला.